दोन ओळींची पुरसिस

४ मार्च, मंगळवार

दादाच्या खटल्याची नक्कल मिळाली. सतरा दिवस खिडकीवर फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे. एकशे बारा पानं, टाइप केलेली, प्रत्येक पानावर शिक्का. मी तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागलो. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, बाजूला होऊन रड की.

रडत नव्हतो मी. हसू येत होतं. पान एकाहत्तर!

पान एकाहत्तरवर चौकीदाराची साक्ष संपते. फर्निचरच्या गोदामामागे दादाला पाहिलं असं सांगणारा जगात हा एकच माणूस. काय पाहिलं, तर मागच्या फाटकातून पळणारा एकजण, अंगात रंगाचे डाग पडलेला शर्ट. 'बोर्डवालाच होता, मी ओळखतो.' एवढ्यावर बोर्ड रंगवणाऱ्या माझ्या दादाला दहा वर्षं. कारण गोदाम जळलं आणि आत झोपलेला हमाल गेला. या साक्षीनंतर आमच्या वकिलाने उठून त्या चौकीदाराला उभा-आडवा सोलायला हवा होता. तिथे काय छापलंय?

उलटतपास : काही नाही.

एक प्रश्न नाही! अंधार किती होता, तू किती लांब होतास, तुला चष्मा आहे का, तो आज का घातला नाहीस. आमच्या आईलासुद्धा सुचले असते.

आणि पान अठ्ठ्याण्णववर पुरसिस. पुरसिस म्हणजे कोर्टाला लेखी कळवायचा कागद, आता मला असली भाषा पाठ झाली आहे. दोन ओळी. 'आरोपीस बचावाचा कोणताही साक्षीदार तपासायचा नाही. बचावाचा पुरावा संपला.' खाली वकिलाची सही, दादाची सही.

सुरूच झाला नव्हता तो संपला कसा?

मफलर! आमचा जुना वकील. बारा महिने गळ्यात मफलर गुंडाळून फिरतो, म्हणून मफलर. त्याचं खरं नाव या वहीत लिहून वही बाटवणार नाही.

५ मार्च

पान एकाहत्तर पुन्हा वाचलं. रात्रीत काही बदललं नव्हतं.

८ मार्च, शनिवार

एक गिऱ्हाईक घालवलं. गॅरेजवाला. बोर्डवर वर 'आशिर्वाद' हवं म्हणाला, पहिली वेलांटी. मी म्हटलं, दुसरी असते. तो म्हणाला, पैसे माझे, वेलांटी माझी. मी म्हटलं, मग ब्रशही तुझाच आण. गेला.

आई आतून म्हणाली, तुझ्या दादाने काढून दिला असता.

दिलाच असता. दादा गिऱ्हाइकाशी भांडत नाही. फक्त 'बरं' म्हणतो. आम्हा घरच्यांना त्या 'बरं'चा अर्थ ठाऊक आहे — तू चूक आहेस, मला माहीत आहे, पण बोर्ड तुझा आहे. त्या 'बरं'नंतर कितीही बडबडा, तो वर बघत नाही.

माझी अक्षरं दादासारखी येत नाहीत. कॉलेज सोडून तीन वर्षं या शेडमध्ये बसलोय, अजून माझा 'क्ष' दारू प्यायल्यासारखा उभा राहतो. नंबरप्लेटवर भागवतो. नंबरप्लेटमध्ये 'क्ष' नसतो.

११ मार्च, मंगळवार

नव्या वकीलबाईंकडे गेलो. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, जिन्यात रबराचा वास. त्यांनी एकशे बारा पानं आधीच वाचून, कडेला पेन्सिलने टिकल्या मारून ठेवल्या होत्या. मी मफलरच्या नावाने सुरू झालो. त्यांनी पाच मिनिटं बोलू दिलं, मग म्हणाल्या, हरलेल्या प्रत्येक माणसाचा वकील गाढवच असतो. माझेही काही अशील मला म्हणत असतील.

मग समजावलं. अपिलात 'वकील वाईट होता' एवढं म्हणून काही होत नाही. दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, त्याने जे केलं ते कुठल्याही शहाण्या वकिलाने केलं नसतं. दोन, नीट केलं असतं तर निकाल वेगळा लागू शकला असता. नुसता आळशीपणा चालत नाही, आळशीपणाने नुकसान झालेलं लागतं. दोन्ही जमलं, तर चौकीदाराला पुन्हा बोलावून उलटतपास घेता येईल, आपला साक्षीदार उभा करता येईल.

साक्षीदार मी! मी उसळून सांगितलं. त्या संध्याकाळी सात वाजता मी शेडमधून निघालो, तेव्हा दादा दातांच्या डॉक्टरचा बोर्ड रंगवत होता. पहिली ओळ झाली होती, फक्त पहिली. मी नऊला परत आलो तेव्हा चारही ओळी झाल्या होत्या, दोन रंगांत, शेवटची ओली. आग लागली आठला. 'क्ष-किरणाची सोय' एवढी ओळ काढायलाच दादाला अर्धा तास लागतो. गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला. माणूस एक तर बोर्ड रंगवेल नाही तर आग लावेल. मी हे मफलरला तेव्हाच सांगितलं होतं. त्याने मान हलवली आणि मला बोलावलंच नाही!

वकीलबाईंनी हे सगळं लिहून घेतलं. चांगलं आहे, म्हणाल्या. मग पेन वर धरलं.

'आणि सात ते नऊ तू कुठे होतास?'

'बाहेर.'

'बाहेर म्हणजे?'

मी म्हटलं, फिरायला. माझा काय संबंध? खटला दादावर आहे. त्यांनी पेन काही खाली टेकवलं नाही.

१२ मार्च

इथे लिहायला हरकत नाही. ही वही कोण वाचतंय.

आग लागली त्या दिवशी पहाटे मी एका मुलीचं नाव तिच्या घरासमोरच्या भिंतीवर लिहिलं होतं. लाल ऑइलपेंट, दीड फूट उंचीची अक्षरं, खाली काळी सावली, अगदी दादाच्या पद्धतीने. मला वाटलं, ती खिडकी उघडेल आणि खूश होईल. महामूर्ख! दुपारी निरोप आला — बाबा बाहेरगावहून साडेनऊला येतायत, त्याआधी पुसलं नाहीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

दादाचा कामाचा शर्ट चढवला, आपला चांगला कशाला खराब करा. थिनरचा डबा आणि तारेचा ब्रश पिशवीत टाकला. दीड तास घासली ती भिंत. हातमोजे न्यायचे सुचले नाहीत. थिनरने कातडी सोलवटली, तळवे लालबुंद. ती पूर्ण वेळ वरच्या खिडकीत उभी होती, दिवा न लावता. शेवटी हळूच म्हणाली, हे कुणाला सांगायचं नाही. कध्धी नाही. माझं कॉलेज बंद होईल.

मी शब्द दिला.

घरी आलो तर दादा शेवटच्या ओळीवर होता. विचारलं, कुठे होतास. मी म्हटलं, कुठे नाही. हाताला काय झालं? काही नाही. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मी आत जाऊन शर्ट बादलीत बुडवला आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाला घेऊन गेले.

अजून ऊन तिरपं आलं की भिंतीवर ते नाव फिकट गुलाबी दिसतं. पुसलेलं दिसतंच.

१५ मार्च, शनिवार

लायब्ररीत गेलो. ती आता तिथे काउंटरवर असते, शिक्के मारते. मी एक जाडजूड पुस्तक उचललं. कुठलं ते माहीत नाही, निळं होतं. तिने माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

'कार्ड संपलंय तुझं.'

मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, तीन वर्षं झाली, दरवेळी सांगते. मागे उभी असलेली पोरगी फिसकन हसली. मी पुस्तक जागेवर ठेवायला गेलो तर जागाच सापडेना. पाऊण तास शोधली. तेवढा वेळ तरी मिळाला.

कुणीतरी म्हणालं, तिला बघायला येतायत. कोण येतायत? कशाला? तिला काय कधी कुणी पाहिलं नाही?

१६ मार्च

निळ्या पुस्तकाचं नाव आठवलं. 'गुरांचे आजार'. ती काय समजली असेल.

२१ मार्च, शुक्रवार

आईला घेऊन दादाला भेटून आलो. लांब खोली, मधे जाळी, दोन्हीकडून सगळे एकदम बोलतात. दादाचे केस पिकायला लागलेत. तिथल्या बराकींचे नंबर तोच रंगवतो. 'बारा'मधला 'रा' बघून ये, म्हणाला, जमलाय. मी काय तिथे 'रा' बघायला गेलो होतो?

अपिलाचं सांगितलं. पान एकाहत्तर सांगितलं. पुरसिस सांगितली. मला वाटलं, तो पेटेल. तो म्हणाला, राहू दे.

राहू दे!

म्हणाला, तीन गेली, चांगल्या वागणुकीची सूट मिळते, बाकीचीही जातील. वकिलांना शिव्या देऊ नकोस. आणि तुझं नाव कुठल्या कागदात घालू नकोस. साक्षीबिक्षीला तू उभा राहायचं नाहीस, कळलं? आई, याला सांग.

आई नुसती जाळीला हात लावून उभी. मी म्हटलं, दादा, तू माणूस आहेस का पायपुसणं? तो वकील तुला विकून खाऊन मोकळा झाला आणि तू त्याला 'शिव्या देऊ नको'? माझा आवाज चढला. पहारेकरी आला. जाता जाता दादा म्हणाला, हात बघू तुझे.

मी दाखवले. बरे झालेत, म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी सोलवटलेले हात! याला दुसरं काही विचारायचं नव्हतं?

बसमध्ये आई म्हणाली, तुम्ही दोघं मागून सारखेच दिसता रे, परवा तू पाणी भरत होतास तर मला वाटलं, तोच आला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. फर्निचरवाल्याने तेव्हा भर रस्त्यात दादाचा बोर्ड फोडला नसता, तर यातलं काहीच झालं नसतं. 'हे काय अक्षर आहे' म्हणून पायाने फोडला. दादा फळ्या गोळा करत होता आणि ओरडलो होतो मी — पेटवून देईन तुझं गोदाम! अख्ख्या रस्त्याने ऐकलं. पुढे साक्षीत चौकीदाराने ते वाक्यसुद्धा दादाच्या तोंडी घातलं. तिथेही मफलर गप्प!

२४ मार्च, सोमवार

गेलोच मफलरकडे. टेबल उलटवायचं ठरवून गेलो होतो. तो डबा खात होता, मफलरचं टोक पाठीवर टाकून. आधी जेवू देतोस का, म्हणाला. मी नाही दिलं. उभ्यानेच सुनावलं — तुम्ही झोपला होतात का? मिंधे होतात का त्या फर्निचरवाल्याचे? माझा भाऊ आत सडतोय आणि तुम्ही वाटाणे कसले निवडताय?

कारकून धावत आला. मफलरने त्याला हातानेच परत पाठवलं. डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, पुसले. म्हणाला, अपिलात काय लिहायचं ते लिही. निष्काळजी लिही, नालायक लिही. मी उत्तर देणार नाही.

'चौकीदाराला एक प्रश्न का नाही विचारलात? एक!'

'विचारला असता तर त्याने उत्तर दिलं असतं.'

अशी वाक्यं टाकून हे लोक फी घेतात. मी म्हटलं, कोड्यात बोलू नका. तो म्हणाला, ज्याची केस त्याने मोकळीक दिली तर सगळं सांगेन. त्याने दिलेली नाही. तू कोण?

'भाऊ.'

'तेच तर,' म्हणाला, आणि पुन्हा डबा उघडला.

मी टेबल उलटवलं नाही. का नाही उलटवलं, याचाच आता राग येतोय.

२५ मार्च

वकीलबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अपराधी वकील इतक्या शांतपणे जेवत नाही. मूळ कागद पाहून घेऊ.

यांचंही त्याच्याशी साटंलोटं आहे की काय?

३० मार्च

तिला बघून गेले म्हणे. ठरलं नाही म्हणे. का कोण जाणे, लागोपाठ अकरा नंबरप्लेट एकही थेंब न सांडता काढल्या.

२ एप्रिल, बुधवार

आज मूळ दप्तर पाहायला परवानगी मिळाली. लोखंडी रॅकची खोली, एक ट्यूबलाइट मिचमिचणारी, गठ्ठ्यांना लाल दोरा. पानं रेकॉर्डवाल्यानेच उलटायची, आम्ही हात लावायचा नाही. वकीलबाई वहीत टिपत होत्या. मी आपला मफलरला फाशी देत बसलो होतो, मनात.

नक्कल टाइप केलेली असते. मूळ कागद असतो तसा असतो. हे मला कसं सुचलं नाही?

मूळ पुरसिस हाताने लिहिलेली आहे.

रेकॉर्डवाला पान उलटणार तेवढ्यात मी म्हटलं, थांबा. 'साक्षीदार'मधला 'क्ष'. खालची गाठ पूर्ण बंद, शेपूट वर वळवून रेघेला टेकवलेली. हा 'क्ष' जगात एकच माणूस काढतो. डॉक्टरच्या बोर्डवर तोच आहे. मला तीन वर्षांत तो जमलेला नाही.

वकीलबाईंनी विचारलं, कोणाचं अक्षर? मी म्हटलं, वकिलाने सांगितलं असेल, दादाने लिहिलं असेल. दडपण आणलं असेल. त्यांनी पेन्सिलच्या टोकाने हवेतच दाखवलं. दोन ओळींच्या वर-खाली फिकट पेन्सिलच्या रेघा. चार. पट्टी लावून मारलेल्या, नंतर खोडलेल्या. अक्षर वाकडं होऊ नये म्हणून.

बोर्ड काढायच्या आधी दादा अशाच मारतो. घाईत असला, की मारत नाही. घाबरला असला, की त्याच्याने पट्टीच धरवत नाही.

म्हणजे त्याने निवांत बसून लिहिलं ते. जमवून. शेवटच्या 'संपला'चा काना किती सरळ आहे!

जिन्यात वकीलबाई म्हणाल्या, वकिलाने केलं नाही, अशिलाने करवून घेतलं. उलटतपासही त्यानेच थांबवला असणार. असं असेल तर आपला मुद्दा इथेच संपतो. वकील नालायक नव्हता, ऐकणारा होता. माझ्या पायाखालची पायरीच गेली. मी विचारलं, मग काहीच नाही? त्या म्हणाल्या, एकच. दादाने असं का केलं, ते कोर्टाला कळलं पाहिजे. त्याने जुन्या वकिलाला बोलायची मोकळीक द्यायची. एक कागद दिला, खाली दादाच्या सहीची जागा. सही झाली तर दार अजून उघडं आहे.

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, सात ते नऊचं तू मला अजून सांगितलं नाहीस.

पुन्हा तेच! मी ताडताड जिना उतरलो.

३ एप्रिल

वेड लागलंय दादाला. स्वतःच्या पायावर नुसता धोंडा नाही, पट्टीने रेघ मारून धोंडा. का? त्या फर्निचरवाल्याची भीती? आईची काळजी? तिथे फुकट जेवायला मिळतं म्हणून? मी कॉलेज सोडलं याच्यासाठी. शेड सांभाळली याच्यासाठी. तीन वर्षं रोज उठून मफलरला शिव्या घातल्या, त्या बिचाऱ्याला — नाही, बिचारा नाही म्हणणार मी त्याला. पण शिव्या आता घालू कोणाला?

सही घेणारच. नाही केली तर जाळी उपटून घेईन.

५ एप्रिल, शनिवार

आईला नेलं नाही. कागद जाळीखालून सरकवला आणि एवढंच विचारलं — का?

दादा म्हणाला, हळू बोल. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, 'चौकीदार खोटं बोलला नाही रे. त्याने शर्ट बरोबर ओळखला, माणूस चुकला. वकिलाने आणखी खोदलं असतं, तर त्याला आठवलं असतं की त्या बोर्डवाल्याला भाऊ आहे. तू साक्षीला उभा राहिला असतास, तर तुला विचारलंच असतं, सात ते नऊ कुठे होतास. मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास ते आठवतं ना. तुझे हात पाहिले मी. तू वीस वर्षांचा होतास.'

तीन वर्षं तो माझी शिक्षा भोगतोय. मी न केलेल्या गुन्ह्याची.

सगळं सांगितलं. भिंत, थिनर, तारेचा ब्रश, तिचं नाव, दीड फुटाची अक्षरं, खिडकी, दिलेला शब्द. भडाभडा, शेजारचे वळून बघेपर्यंत. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

'बरं,' म्हणाला.

आणि सही न करताच कागद परत सरकवला. वर बघितलं नाही.

लायब्ररी सोमवारी दहाला उघडते.